थ्री फेज घर, पण सगळा भार आर फेजवरच. डीबीत (वीज वाटणाऱ्या पेटीत) काय बदलावं?

प्रश्न
थ्री फेज मीटर (फेज आर, वाय, बी), मेनला २५ अँपिअरचा फोर पोल (तिन्ही फेज आणि न्यूट्रल एकत्र तोडणारा) एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. दोन गिझर (२ किलोवॅटचे), इंडक्शन आणि १ एचपीचा पंप, सगळे आर फेजवर. सकाळी हे एकदम चालले की अर्ध्या तासात मेन पडतो. क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती लावून करंट मोजणारा) आर ३१, वाय ५, बी ३ अँपिअर. मेन ४०चा केला तर चालेल का?

वायरमनदादा
४०चा अजिबात नको. एमसीबी वायरला वाचवण्यासाठी असतो. मेनची वायर ४ स्क्वेअर एमएमची असेल तर ती तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. तुमचा एमसीबी बरोबर वागतोय: २५चा साधारण २८पर्यंत तासभर टिकतो, ३६ला तासाच्या आत पडायलाच हवा. ३१ म्हणजे मधला पट्टा, म्हणून उशिरा पडतो.

एक गिझर वायवर आणि पंप बीवर न्या. आर १७, वाय १४, बी ८ होईल. आज न्यूट्रलमधून (करंट परत नेणाऱ्या वायरमधून) २७ अँपिअरच्या आसपास जातात, ते ८वर येतील. एसी असतील तर तेही धरा, पण एका वेळी काय चालतं तेच मोजायचं. रात्रीचा एसी आणि सकाळचा गिझर एका फेजवर सुखाने नांदतात.

पेचकस
यात लोक न्यूट्रल विसरतात. प्रत्येक फेजला वेगळा आरसीसीबी (फेज आणि न्यूट्रलच्या करंटमध्ये फरक दिसला की वीज तोडणारा स्विच) असेल तर गिझरची फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायच्या बाजूला गेले पाहिजेत. न्यूट्रल जुन्या लिंकवर (न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीवर) राहिला, तर गिझर लावताच आरसीसीबी पडतो आणि लोक गिझरला दोष देतात. सगळ्यांना मिळून एकच फोर पोल आरसीसीबी असेल तर ही अडचण नाही.

जुन्या घरात दोन सर्किटना एकच न्यूट्रल ओढलेला असतो, तो आधी शोधा. वेगवेगळ्या फेजवर असताना तो तग धरतो. दोन्ही एका फेजवर आणली की करंटची बेरीज त्याच वायरमधून जाते आणि एकही एमसीबी पडत नाही. अशा सर्किटना स्वतंत्र न्यूट्रल ओढा. एका स्विचबोर्डात दोन फेजही नकोत, तिथे ४१५ व्होल्ट मिळतात.

वायरमनदादा
न्यूट्रलच्या स्क्रूबद्दलही. मेन न्यूट्रल ढिला झाला की कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज ३००च्या वर चढतं. फ्रिज, टीव्ही जातात. लिंकजवळ इन्सुलेशन काळं पडलं असेल तर वायर तेवढी कापून नवा लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) लावा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन बंद केल्यावरही त्याच्या येणाऱ्या टोकांवर वीज असतेच. इन्व्हर्टर वेगळा बंद करायचा, नाहीतर डीबीत मागून वीज येते. टेस्टर पेनवर विसंबू नका. मल्टिमीटरने फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही तपासा, आणि त्याआधी मल्टिमीटर चालू प्लगवर पडताळून घ्या.

प्रश्नकर्ता
डीबी उघडून घेतला. तिन्ही फेजना वेगळे आरसीसीबी आहेत, पण न्यूट्रल लिंक एकच.

पेचकस
मग आरसीसीबी नीट जोडलेलेच नसावेत. प्रत्येकाचं टेस्ट बटण दाबून पाहा, पण त्यावर थांबू नका: न्यूट्रल चुकीचा असला तरी बटणाने तो पडू शकतो. आधी लिंक वेगळ्या करून घ्या, गिझर मग हलवा.