फोन मुलाच्या हातात द्यायचा, की मुलाच्या हातातल्या वस्तूवर धरायचा?

(एका ऑनलाइन चर्चेतून. प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पागोळी

साडेतीन ते सात वर्षांच्या मुलांबद्दल लिहितेय. 'फोन अजिबात नको' आणि 'आजकाल द्यावाच लागतो' या दोन टोकांच्या ओढाताणीत फोनचा तिसरा उपयोग बाजूलाच राहतो. काही गोष्टी इतक्या हळू किंवा इतक्या झटकन घडतात की डोळ्याला दिसतच नाहीत. त्या फोन दाखवतो. यात मूल पडद्यासमोर बसत नाही, फोन मुगासमोर बसतो.

मूग ८ तास भिजवा. काचेच्या पेल्यात आतून कागदी नॅपकिनची दुहेरी घडी गोल बसवा, काच आणि कागद यांच्या फटीत चार-पाच मूग अडकवा, तळाला बोटभर पाणी. पाणी कागदातून वर चढतं, मूग बुडत नाहीत. सिम काढलेला जुना फोन चार्जरला लावून पुस्तकांच्या चळतीला टेकवा आणि दर १० मिनिटांनी एक फोटो आपोआप निघेल असं लावून द्या. ३६ तासांत २१६ फोटो. सेकंदाला १२ या वेगाने जोडले की १८ सेकंदांचा व्हिडिओ.

बिघडतं ते बहुतेक उजेडामुळे. फोकस आणि उजेड फोनच्या मर्जीवर सोडला तर व्हिडिओ लुकलुकतो. फोनच्या पडद्यावर दिसणाऱ्या मुगावर बोट दाबून धरून दोन्ही लॉक करा, रात्री एकच दिवा त्याच जागी ठेवा. पावसाळ्यात पाणी मुगापर्यंत पोचू देऊ नका, आंबूस वास येतो आणि बुरशी धरते. एक मूग मुद्दाम डोळा (कडेची पांढरी खूण) वर करून अडकवा. त्याचं मूळ आधी वर निघतं आणि मग वळसा घेऊन खाली जातं. तो वळसा प्रत्यक्ष होताना पाहायचा तर दुसरी सोय नाही.

चटई

सहमत नाही. आणि विरोध नुसत्या मिनिटांचा नाही. मिनिटांचं ठरलेलंच आहे: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं की २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर १ तास पडदा, कमी असेल तितकं बरं. इंडियन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सही २ वर्षांच्या आत अजिबात नको म्हणते.

माझा मुद्दा त्या पेल्याचा आहे. समोर फोन लावला की घरात पहिलं वाक्य येणार, "हात लावू नकोस, हलेल." चार वर्षांच्या मुलाचं कुतूहल हातात असतं. ते दिवसातून नऊ वेळा पेल्याशी जाणार, कागद ओढणार, एक मूग उपटून 'आत काय आहे' ते सोलून बघणार. ते थांबवून तुम्ही त्याला १८ सेकंदांचा तयार व्हिडिओ देताय, आणि ३६ तासांची वाट पाहणं काढून घेताय.

बाळं भाषा कशी शिकतात यावर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कुल यांचा २००३ चा प्रयोग आठवा. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवलं. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून बाळं त्या भाषेतले ध्वनी शिकली. तेच बोलणं पडद्यावरून मिळालेली बाळं शिकली नाहीत.

साधं भिंग द्या. पण घड्याळजीचं १० पटीचं नको, त्यात वस्तू जेमतेम अडीच सेंटिमीटरवर धरावी लागते आणि लहान मुलाला ते साधत नाही. ३ पटीचं, तळहाताएवढं, दांड्याचं घ्या. वस्तू साधारण ८ सेंटिमीटरवर स्पष्ट दिसते. मुलं भिंग हातभर लांब धरतात आणि 'धूसर दिसतंय' म्हणून सोडून देतात. भिंग डोळ्याजवळ आणि वस्तू हळूहळू वर आणायची, एवढं दोनदा करून दाखवलं की जमतं. सूर्याकडे भिंगातून कधीही पाहायचं नाही, आणि उन्हाच्या खिडकीत भिंग ठेवून जायचं नाही, कागद पेटू शकतो.

पागोळी

"हात लावू नकोस" हा मुद्दा शंभर टक्के पटला. उपाय: दोन पेले. एक कपाटावर फोनसमोर, दुसरा खाली मुलाच्या हाती, उपटायला आणि सोलायला. व्हिडिओ दाखवायचा तो तिसऱ्या दिवशी, आणि त्याआधी मुलाने चित्र काढलेलं हवं: उलट्या मुगाचं मूळ कुठे जाईल?

कुल यांचा प्रयोग मात्र इथे लावू नका. तो ९ महिन्यांच्या बाळांचा आहे. तीन वर्षांनंतर पडद्यावरून शिकता येतं, फक्त पडदा थांबायला हवा. १९९६ मध्ये आलेल्या 'ब्लूज क्लूज' या मुलांच्या टीव्ही मालिकेत निवेदक प्रश्न विचारून खरोखर थांबायचा, आणि एकच भाग आठवड्यात पाच दिवस दाखवायचे. भाग पुन्हा पुन्हा दिसत गेला तशी मुलं जास्त उत्तरं द्यायला लागली.

शिवाय भिंगाने थेंब थांबत नाही. पाण्याच्या परातीत वीतभर उंचीवरून थेंब टाका आणि सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो-मोशनने टिपा, आठपट सावकाश दिसतं. खळगा पडतो, मधून पाण्याचा खांब उठतो आणि त्याच्या टोकावरून नवा थेंब सुटतो. हे खिडकीपाशी दिवसाच करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, काही ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला कळत नाही, स्लो-मोशनमध्ये पट्टे सरकताना दिसतात.

ओहोटीची_वेळ

तुम्ही दोघं पेल्यातून बाहेर पडत नाही आहात. मुंबईत फोनचं मुलासाठी सगळ्यात चांगलं काम म्हणजे ओहोटीचं वेळापत्रक. ओहोटी अर्धा मीटर किंवा त्याहून खाली असलेला दिवस निवडा, वेळेच्या तासभर आधी हाजी अली किंवा कार्टर रोडच्या खडकांवर पोचा, आणि पाणी सगळ्यात खाली गेलं की परतायला लागा. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. जून ते सप्टेंबर जाऊच नका. बंद बूट हवेत, कालवांच्या कडा पात्यासारख्या असतात. जिवंत शंख उचलू द्यायचा नाही. कोन जातीचे शंख डंख मारतात.

नावं शोधायला 'सीक' ॲप चांगलं, खातं उघडावं लागत नाही. त्याची सगळ्यात मोलाची सवय अशी की खात्री नसेल तर ते गटाच्या नावावरच थांबतं. पण आधी मुलाने स्वतः नाव ठेवायचं, 'बटणाचा शंख', 'लाल मिशीवाला', काहीही. बोटाने वाळूत आकार काढायचा. फोन त्यानंतर. क्रम उलटा झाला की नाव कळतं आणि बघणं तिथेच संपतं.

विरार_फास्ट

सगळं छान आहे, पण दहा बाय बाराच्या खोलीत संध्याकाळी साडेसातला कुकर लावताना खडक नसतात. तेव्हा फोन दिलाच जातो. ती २० मिनिटं कशी असावीत यावर बोला.

यूट्यूब किड्स वापरत असाल तर 'फक्त पालकांनी मंजूर केलेलं' हा पर्याय लावा, सर्च आणि ऑटोप्ले बंद करा. त्याहून बरं म्हणजे तीन व्हिडिओ आधीच उतरवून ठेवा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि ॲप पिन करा, म्हणजे मुलाला त्यातून बाहेर जाता येत नाही. तिसरा संपला की पडदा आपोआप थांबतो, हातातून ओढून घ्यावा लागत नाही. रडारड बहुतेक त्या ओढण्याची असते. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी गोष्टी फुकट आहेत आणि पातळीनुसार लावलेल्या आहेत.

आणि कोणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही बंद करा. मागे तो बडबडत असला की मोठी माणसं मुलाशी कमी बोलतात आणि मुलाचा खेळ तुटक होतो.

पडदाच नको असेल तर फोन पालथा घाला आणि फक्त रेकॉर्डर वापरा. दिवसभरात घरातले दहा आवाज, प्रत्येकी ५ सेकंद: फोडणी, कबुतराचं घुमणं, किल्ल्यांचा जुडगा, लिफ्टचं दार. संध्याकाळी एकेक ऐकवायचा आणि मुलाने ओळखायचा. पंखा बंद करून वीतभर अंतरावरून रेकॉर्ड करा, नाहीतर फोडणी आणि पाऊस सारखेच वाटतात. खरं तर तसे ते वाटले तरी चांगलंच, 'दोन्ही सारखे का?' हा प्रश्न मूलच विचारतं.

चटई

आवाजांचा खेळ मनापासून मान्य. त्यात हात, कान आणि आठवण, तिन्ही मुलाचं आहे. ओहोटीचंही मान्य, कारण फोन मोठ्यांच्या खिशात राहतो. आकाशाखाली राहण्याचा वेगळाही फायदा आहे: चीनच्या ग्वांगझूमध्ये पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटं जास्त बाहेर ठेवलं, तीन वर्षांत त्यांच्यात चष्म्याचं प्रमाण इतरांपेक्षा कमी वाढलं.

एक गोष्ट मात्र मान्य नाही, आणि ती इथे अजून कोणी काढलेली नाही. "पाऊस का पडतो" हे मुलाने फोनला विचारणं. उत्तर दोन सेकंदांत येतं, बरोबरही असतं, पण मुलाला काय वाटलं होतं ते कोणालाच कळत नाही. आधी "तुला काय वाटतं?" विचारून निदान दहा आकडे मोजेपर्यंत गप्प बसा. मोठ्यांना तेच जड जातं. मुलाचं उत्तर चुकीचं असलं तरी त्याच्याच शब्दांत लिहून फ्रिजवर लावा, आठवड्याने पुन्हा विचारा. गरम पाण्याच्या पातेल्यावर झाकण ठेवून त्याच्या आतले थेंब बोटाने पुसायला दिले की पुष्कळदा ते उत्तर मूल स्वतःच बदलतं. गॅस बंद करून पाच मिनिटांनी, झाकण तुम्ही उचलून.

पागोळी

झाकण घेतलं. व्हिडिओबद्दल अजून नाहीच का?

चटई

दाखवायचाच तर दोन्ही पेले बघून झाल्यावर, आणि उलटा चालवून दाखवा. मूळ मागे मागे जात मुगात शिरतं. चार वर्षांचं मूलही लगेच "असं नाही होत!" म्हणतं. तिथे व्हिडिओ थांबवा आणि फोन पालथा ठेवा. मग कसं होतं ते त्यालाच पेला घेऊन सांगू द्या.