मदत हवी: सोमवारी वरळीचं विज्ञान केंद्र, सोबत चौथीतली लेक आणि गुडघे धरलेले बाबा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात एका दिवसासाठी कराडहून मुंबईला येतोय. महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटी, रात्रीच्या महालक्ष्मीनेच परत. नातेवाइकांना कळवलेलं नाही, कारण एकदा कळलं की सकाळचे दोन तास पोहे आणि 'अगं बस ना' यातच जातात.

सोबत नऊ वर्षांची लेक आणि माझे बाबा, वय ७१. लेकीला तारांगण बघायचंय, शिवाय 'जिथे सगळ्याला हात लावता येतो ते म्युझियम'ही बघायचंय. बाबांची हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. आता गुडघे साथ देत नाहीत आणि 'मी बाहेर बाकावर बसतो, तुम्ही बघून या' हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. ते बाकावर बसू नयेत एवढीच माझी इच्छा.

रविवारची गर्दी नको म्हणून सोमवार निवडला, तिकिटं काढून झाली. हे दोन्ही एकाच आवारात आहे का? एका दिवसात होईल? बॅगा कुठे टाकायच्या? सीएसएमटीहून टॅक्सी बरी की लोकल?

गिरगावची चाळ

ताई, तिकिटं काढण्याआधी विचारायचं होतं. तारांगण सोमवारी बंद असतं! विज्ञान केंद्र मात्र चालू. ते होळी-दिवाळी सोडली तर वर्षभर उघडं असतं.

दोन्ही वरळीत आणि दोन्हींच्या नावात नेहरू, त्यामुळे मुंबईकरही गोंधळतात. तारांगण नेहरू सेंटरमध्ये, अ‍ॅनी बेझंट रोडला. विज्ञान केंद्र ई. मोझेस रोडला. संस्था वेगळी, दार वेगळं, तिकीट वेगळं. टॅक्सीवाल्याला नुसतं 'नेहरू' म्हणालात तर तो कुठेही सोडेल. माझे मेव्हणे एकदा कुर्ला नेहरूनगरला पोचले होते, ते एसटीचं स्टँड. तुमच्या बाबांना तेही आवडलं असतं म्हणा.

कृष्णाकाठची

अरे देवा. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

रोजचा प्रवासी

टॅक्सी विसरा. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली आहे. सीएसएमटीला आरेकडे जाणारी गाडी पकडा. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी आणि सहावं स्टेशन 'सायन्स सेंटर'. महालक्ष्मीला उतरू नका. ज्या गाडीने आलात तिचंच नाव ऐकून माणूस आपसूक उठतो. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत, बाबांना एकही पायरी चढायला लावू नका.

बॅगा सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये. बॅगेला कुलूप लागतं, ते घरूनच आणा. नाहीतर स्टेशनबाहेर घ्याल आणि संध्याकाळी त्याची किल्ली शोधत बसाल.

बोरीबंदर ते दादर

सूनबाई, तुमच्या बाबांपेक्षा मी सहा वर्षांनी मोठा, म्हणून थोडं लांबण लावतो.

इमारत १९८५ साली राजीव गांधींच्या हस्ते उघडली, पण बाहेरची विज्ञान-बाग त्याच्या आधीची, १९७९ची. सगळे धावत इमारतीत शिरतात आणि बाग राहून जाते. तुम्ही उलटं करा. सकाळचं ऊन कोवळं असतानाच बागेत फिरा. तिथे वाफेचं इंजिन आहे, ट्रामचा डबा आहे आणि मारुत विमान आहे. हे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने (एचएएल) बांधलेलं लढाऊ विमान. आराखडा कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याचा. महायुद्धात जर्मनीचं फोके-वुल्फ १९० यांनीच केलं होतं. मारुत पहिल्यांदा उडालं १९६१मध्ये आणि ७१च्या युद्धात राजस्थानातल्या लोंगेवालाच्या लढाईत उपयोगी पडलं. वर्कशॉपमधला माणूस त्याच्यासमोरून लवकर हलणार नाही.

ट्रामचं म्हणाल तर मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ला बोरीबंदरहून दादरला गेली. त्या रात्री वडिलांनी मला खांद्यावर घेतलं होतं असं सांगायला आवडलं असतं, पण मी तेव्हा चांगला पंधरा वर्षांचा घोडा होतो आणि गर्दीत माझी चप्पल हरवली.

कृष्णाकाठची

काका, सूनबाई नाही, लेक आहे हो मी त्यांची! पण चपलेचा किस्सा बाबांना वाचून दाखवला, खूप हसले. 'इंजिन खरं आहे की मॉडेल?' असं दोनदा विचारलं.

बोरीबंदर ते दादर

चुकलो, लेकीबाई. इंजिन खरं.

खडू आणि फळा

मी शाळेच्या सहली घेऊन तिथे पाच-सहा वेळा गेले आहे, म्हणून एक आगाऊ सल्ला. पाचशेच्या वर प्रयोग आहेत आणि 'सगळं बघून होईल का' हा प्रश्नच मनातून काढा. आमच्या सहलीत आम्ही शिट्टी वाजवत पोरांना या दालनातून त्या दालनात पळवतो, पोरं प्रत्येक बटण एकदा दाबतात आणि पुढे जातात. घरी आल्यावर लक्षात काय, तर वाकडेतिकडे आरसे आणि कँटीनचा वडा. तुम्ही तिघंच आहात. लेक एखाद्या प्रयोगाशी अर्धा तास अडकली तर अडकू द्या.

आणि बाबांना बघे करू नका, मास्तर करा. कप्प्या, तरफा, दातेरी चाकं हे त्यांचं राज्य. फिरती कप्पी लावली की वजन निम्म्या जोराने उचललं जातं, पण दोर दुप्पट ओढावा लागतो. हे पाटीवर लिहिलेलं पोरं वाचत नाहीत. 'गाडीचं इंजिन चेन-पुलीने आम्ही असंच काढायचो' असं आजोबा म्हणाले की ऐकतात.

जानेवारीपर्यंत सहलींचा हंगाम असतो. सोमवार असला तरी दुपारपर्यंत आमच्यासारख्यांचा कलकलाट असणार. गर्दी दिसली की सरळ दुसऱ्या दालनात जा, आमच्या रांगा सरकत राहतात.

तारांगण हुकल्याचं दुःख थोडं कमी करणारी गोष्ट म्हणजे तिथला 'सायन्स ऑन अ स्फिअर' शो. सहा फुटांचा पांढरा गोळा आणि चारी बाजूंनी प्रोजेक्टर. गोळ्यावर पृथ्वी फिरते, ढग वाहतात, मग तोच गोळा गुरू होतो. बसून बघायचा आहे, तेव्हा दुपारी गुडघे कुरकुरायच्या वेळेला ठेवा. शोच्या वेळा आत शिरतानाच तिकीट खिडकीवर विचारा.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे आभार. लेकीला सांगितलं. आधी रुसली, मग म्हणाली, 'गोळा गुरू होतो म्हणजे शनीपण होत असेल, मग कडी कशी दाखवतात?' याचं उत्तर माझ्याकडे नाही, तिलाच तिथे विचारायला लावते. तारांगणासाठी मे महिन्यात पुन्हा येऊ, तेव्हा मंगळवार ते रविवार बघून तिकीट काढेन.

बाबांनी बाकाचा विषय काढलेला नाही. आज मात्र विचारत होते, इंजिन कुठल्या कारखान्यातलं, किती सालचं?

बोरीबंदर ते दादर

ते मी सांगणार नाही. इंजिनावर कारखान्याची पाटी असते, ती कुठे शोधायची हे त्यांना मुळीच सांगावं लागणार नाही. जवळचा चष्मा मात्र आठवणीने घ्यायला लावा.