पाइनचे कोरे दरवाजे रंगवायचे आहेत: आधी लांबी (भोकं बुजवायची पुट्टी) की आधी प्रायमर?

नमस्कार मंडळी,
घरातले दरवाजे, चौकटी आणि चौकटीभोवतीच्या पट्ट्या पाइनच्या आहेत. अजून पॉलिश नाही, रंग नाही. सगळं पांढरं करायचंय आणि काम मीच करणार आहे. घासण्याचं कळलंय: १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, तेही रेषांच्या दिशेनेच, कारण आडवे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. गाडी अडलीये पुढे.

खिळ्यांच्या भोकांत लांबी आधी भरायची की प्रायमरनंतर? दोन्ही सल्ले मिळालेत. शिवाय दारांवर बऱ्याच गाठी आहेत, काही तर हाताला चिकट लागतात. त्यांतून पिवळे डाग वर येतात म्हणे. पांढऱ्यावर ते लपायचे नाहीत, म्हणून खरी काळजी त्यांचीच. आणि ऑइल पेंट घेऊ की पाण्याचा? घाई अजिबात नाही, पण रंग पुन्हा खरवडायची वेळ नको.

प्रतिसाद १:
गाठींची काळजी रास्त आहे. त्यातली राळ ऊब मिळाली की मऊ होऊन बाहेर झिरपते, साध्या प्रायमरला जुमानत नाही. चिकट गाठ खरवडा, स्पिरिटने पुसा, वाळू द्या. मग गाठीवर आणि भोवती दोनेक सेंमीपर्यंत लाखेच्या सीलरचे दोन पातळ हात. लाख मेण काढलेलीच घ्या, मेणावर पुढचा रंग नीट धरत नाही. एखादी गाठ सतत गळतच असेल तर सीलरवर विसंबू नका. ती कोरून काढून तिथे लाकडाचा तुकडा बसवा.

लांबी प्रायमरनंतरच. कोरं लाकूड तिच्यातलं तेल शोषून घेतं, मग ती आक्रसते आणि सुटते. वाळली की २२० ने घासा आणि तेवढ्या जागी पुन्हा प्रायमर लावा, नाहीतर चकाकीत ठिपके दिसतात.

पांढऱ्यासाठी मी पाण्याचा इनॅमलच सांगेन. ऑइल पेंट सुरेख पसरतो, पण जिथे उजेड कमी तिथे पिवळट पडत जातो. पाण्याच्या प्रायमरने लाकडाचे तंतू उभे राहतात, म्हणून पहिल्या हातानंतर हलकं घासा.

प्रतिसाद २:
वरच्याशी सहमत. एक भर घालतो: दाराची वरची आणि खालची कड बहुतेक जण कोरीच सोडतात आणि ओलावा नेमका तिथूनच शिरतो, मग दार फुगतं. दार बिजागऱ्यांवरून उतरवून सहाही बाजूंना प्रायमर आणि रंग द्या. पट्टी आणि भिंतीमधली फट ॲक्रिलिक सीलंटने भरा. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही.