स्वस्त परदेशी कर्ज : सूट नेमकी कुणाच्या खिशात?

सूतवाला_सोलापूर : यंत्रमागवाल्यांना हे सांगायला नको. सुताचा व्यापारी म्हणतो, "उधारीवर व्याज नाही लावत, मालक." आणि भाव रोखीपेक्षा चढा लावतो. गरीब देशांना मिळणारी स्वस्त कर्जं मला तशीच वाटतात. बुलेट ट्रेनचं घ्या. जपानचे सुमारे 88 हजार कोटी, व्याज 0.1 टक्का, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं मुद्दल फेडायची नाही. तंत्र मात्र त्यांचंच. सवलत आपल्या नावावर, ऑर्डर त्यांच्या कारखान्याला!

पतसंस्थावाले_काका : चढा म्हणजे किती, ते मोजा की. या अटींवर 100 रुपये घेतले आणि 7 टक्क्यांनी हिशोब मांडला, म्हणजे पुढे फेडायचा रुपया वर्षाला 7 टक्क्यांनी उतरवून आज धरला, तर फेडीची आजची किंमत 15 रुपयांच्या आसपास येते. एवढी सूट माल महाग लावून वसूल होईल?

आणि खरी लपलेली सबसिडी वेगळीच आहे. जागतिक बँकेला बाजारात स्वस्त पैसा मिळतो तो सभासद देशांच्या जामिनावरही. रोख भरलेलं भांडवल वर्गणीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, बाकीचं 'मागाल तेव्हा देऊ'. आजवर एकदाही मागावं लागलेलं नाही. जामीनदार खिशात हात न घालता व्याज उतरवतो. आमच्या पतसंस्थेत असे जामीनदार मिळाले असते तर!

सूतवाला_सोलापूर : काका, 7 टक्के कुठून आणले? दर चढा धरला की सूट फुगलेलीच दिसणार. येनचं कर्ज येनच्या दरानं मोजा. करार झाले त्या सुमारास जपानी रोख्यांचं व्याज शून्याला टेकलेलं. मग भेट कसली? श्रीमंत देशांनी हीच चलाखी चाळीसेक वर्षं केली. 1972 पासून नियम असा, की कर्ज 10 टक्क्यांनी मोजायचं आणि त्यात 25 टक्के अनुदान निघालं, म्हणजे फेडीची आजची किंमत कर्जापेक्षा तेवढी कमी भरली, की ती 'मदत'. बाजारातलं व्याज उतरलं तरी काटा 10 वरच. 2014 मध्ये कुठे तो बदलायचं ठरलं.

पतसंस्थावाले_काका : काट्याचं मान्य. पण मग येन वधारण्याची जोखीमही धरा. 1985 मध्ये डॉलरला 240 च्या आसपास येन मिळायचे, 1988 मध्ये सव्वाशेच्या जवळपास. इंडोनेशियाचं येनमधलं कर्ज डॉलरच्या हिशोबात जवळपास दुप्पट झालं.

सूतवाला_सोलापूर : म्हणजे माझंच म्हणणं झालं ना?

गड्ड्यावरची_भेळ : दोघंही घेणाऱ्याच्या बाजूनंच बोलताय. आपण देतो तेव्हा? एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे आपल्या सरकारी निर्यात-आयात बँकेमार्फत, आफ्रिकी देशांना कर्ज जातं, व्याजातला फरक आपलं सरकार सोसतं, आणि साधारण 75 टक्के माल भारतातूनच घ्यायची अट असते. दादा, उद्या त्यात टॉवेलची ऑर्डर आली तर सोडाल?

सूतवाला_सोलापूर : सोडणार नाही. भाव रोखीचाच लावीन. म्हणजे, आत्ता तरी तसं म्हणतोय.