मदत हवी आहे : रॉकेट वर गेलं, पॅराशूट उघडलंच नाही आणि इंजिन गायब

नमस्कार मंडळी,

मी सांगलीचा. आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवून निवृत्त झालो. सध्या मुलाकडे टेक्सासमध्ये, डॅलसच्या वरच्या अंगाला, सहा महिन्यांसाठी आलोय. नातीला वाढदिवसाला कुणीतरी रॉकेटचं किट दिलं. पुठ्ठ्याची नळी, प्लॅस्टिकचं टोक, बाल्साच्या लाकडाचे तीन पंख, प्लॅस्टिकच्या कागदाचं पॅराशूट. मुलगा-सून दिवसभर कामात, म्हणून कंत्राट आम्हा दोघांकडे आलं.

जोडणी मन लावून केली. पंखांना बारीक पॉलिश पेपर मारला, कडा गोल केल्या. लाकडाचे रेषे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हवेत, नाहीतर पंख मोडतो, हे माहितीपत्रकात होतं ते पाळलं. नळीवर १२० अंशांवर तीन रेघा दरवाजाच्या चौकटीच्या कोपऱ्यात धरून मारल्या, तंतोतंत सरळ. पंखांच्या मुळाशी गोंदाचा हात बोटाने फिरवला. हे काम नातीने माझ्यापेक्षा चांगलं केलं. वरून लाल रंगाचे तीन हात.

टोक मात्र नळीत जरा सैल होतं, हलवलं की खुळखुळायचं. मला ढिलं काम बघवत नाही. मास्किंग टेपचे अडीच वेढे दिले, त्यावर रंग बसला आणि टोक असं बसलं की ‘टक्’ आवाज यावा. खाली इंजिन घालताना ते धरून ठेवणारा पत्र्याचा हूक आड येत होता, तो पक्कडीने थोडा बाहेर वाकवला. इंजिन मग अलगद गेलं.

शनिवारी शाळेच्या मागच्या मैदानावर गेलो. इंजिन ए८-३. पहिल्यांदा बटण दाबलं, काही नाही. जाऊन तारा हलवून आलो. दुसऱ्यांदाही काही नाही. तिसऱ्यांदा ‘फुस्स’ झालं आणि डोळ्यांनी धरेपर्यंत ते झाडांच्या वर होतं. पण सरळ न जाता तिरकं गेलं, आणि वारा जिकडून येत होता नेमकं तिकडेच. वर गेल्यावर धुराचा एक पुंजका दिसला, बारीक ‘फट्’ ऐकू आलं. आम्ही पॅराशूटची वाट बघतोय, तर ते टोक खाली करून सरळ आलं आणि गवतात रुतलं. नळीला हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्या पडल्या. आत पॅराशूट घडी घातली होती तस्संच, डागसुद्धा नाही. आणि मागे इंजिनच नाही! दुसऱ्या दिवशी पन्नासेक पावलांवर त्याची रिकामी नळी सापडली.

माझे प्रश्न :
पॅराशूट का उघडलं नाही?
रॉकेट वाऱ्याच्या विरुद्ध कसं वळलं? पाचोळा तर वाऱ्याबरोबर जातो.
इग्नायटर (इंजिन पेटवणारी तार) दोनदा का फसला?
इंजिनाची रिकामी नळी चांगली दणकट आहे. तिच्यात भुईनळ्याची दारू ठासून परत वापरता येईल का? नवीन तीन इंजिनांच्या पाकिटाला मुलगा किती देतो ते मी पाहिलंय.
परत जाताना किट आणि इंजिनं सांगलीला नेता येतील का? माझ्या जुन्या शाळेतल्या पोरांना दाखवायचंय.

नात शनिवारपासून माझ्याकडे ‘बघते हं’ अशा नजरेने बघतेय. लवकर सांगा.

प्रतिसाद

काका, उत्तर तुमच्याच ट्रेडमध्ये आहे. क्लिअरन्स फिट (सैल बसणारा जोड) कुठे आणि इंटरफिअरन्स फिट (घट्ट बसणारा जोड) कुठे, एवढीच अदलाबदल झालीय.

इंजिनात खालून वर काय काय भरलंय ते बघा. आधी मातीचं नोझल (झोत बाहेर पडायचं भोक), मग काळी दारू, मग हळू जळणारा विलंबाचा थर, आणि सगळ्यात वर एक छोटा बार. दारू संपली की रॉकेट स्वतःच्या वेगाने चढत राहतं, तेवढ्यात विलंबाचा थर धूर सोडत जळतो. तुमच्या ए८-३ मधला ३ म्हणजे तीन सेकंद. मग तो बार पुढच्या दिशेने, म्हणजे नळीच्या आत उडतो. तुम्ही ऐकलेला ‘फट्’ तोच. त्या दाबाने टोक निघावं आणि मागोमाग पॅराशूट बाहेर पडावं, अशी रचना असते.

पण दाबाला दिशा कळत नाही, तो ढिलं दार शोधतो. तुम्ही पुढचं दार टेपने आणि रंगाने ठोकून बंद केलंत आणि मागच्या दाराची कडी वाकवून ठेवलीत. मग इंजिनच मागे फेकलं गेलं, दाब निघून गेला, पॅराशूट जागच्या जागी.

टोक इतकं सैल हवं की रॉकेट उलटं धरून हलकं हलवलं तर पडू नये, पण दोन बोटांनी ओढलं की विनातक्रार निघावं. नळीच्या आतला रंग खरवडून काढा, टेपचा एकच वेढा ठेवा. हूक मात्र आत वाकवा, इंजिनाच्या कडेवर नीट बसला पाहिजे. शंका असेल तर इंजिनाला टेपचा वेढा देऊन ते घट्ट बसवा. तुमची घट्ट बसवण्याची हौस तिथे भागवा!

पॅराशूटच्या खाली न जळणारे कागद असतात ते तीन-चार, सैल चुरगळून घाला, ठासू नका. त्यांच्या जागी साधा टिश्यू वापरू नका, तो पेटतो आणि पेटता गवतात पडतो. घडी घालण्याआधी पॅराशूटला टाल्कम पावडर चोळा, थंड सकाळी प्लॅस्टिक एकमेकांना चिकटतं.

वाऱ्याचं म्हणाल तर ते पाचोळा नाही, वातकुक्कुट आहे, म्हणजे छपरावरचा वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा. पंख मागे असल्यामुळे वारा शेपटी ढकलतो आणि तोंड वाऱ्याकडे वळतं. दिवाळीच्या बाणाला लांब काडी असते ती त्याच कामासाठी, काडी मोडलेला बाण कुठेही घुसतो हे आपण सगळ्यांनी अनुभवलंय. ज्या उभ्या सळईवरून रॉकेट सुटतं तो रॉड सोडताना वेग कमी असेल तर हे वळणं जास्त. पहाटे, वारा पडलेला असताना उडवा.

प्रतिसाद

आजोबा, रागावू नका, पण दोनदा फसल्यावर तुम्ही लगेच तारा हलवायला गेलात? नियम असा आहे की बटण दाबून काही झालं नाही तर आधी कंट्रोलरची, म्हणजे बटणाच्या डब्याची, किल्ली काढायची, मग पूर्ण ६० सेकंद थांबायचं आणि मगच जवळ जायचं. किल्ली तुमच्याच खिशात ठेवा, नातीकडे नको. बटण दाबताना या लहान इंजिनांसाठी किमान १५ फूट लांब उभं राहायचं.

आणि टोक खाली करून आलेलं रॉकेट गवतात रुतलं हे नशीब. डोक्यावर आलं असतं तर? उडवताना सगळ्यांनी उभं राहून वर बघायचं, खाली बसलेलं मूल पटकन हलू शकत नाही.

इग्नायटर फसतो तो बहुतेक वेळा नोझलमध्ये पुरता आत न गेल्यामुळे. त्याचं टोक आतल्या दारूला टेकलं पाहिजे, वरून प्लॅस्टिकचं बूच दाबायचं. इग्नायटरला लावायच्या क्लिपा एकमेकींना चिकटल्या तरी करंट तिकडूनच परत फिरतो. बॅटऱ्या नवीन घाला.

शिवाय तिकडे उन्हाळ्यात काउंटी (तिकडचं जिल्हा प्रशासन) उघड्यावर जाळण्याची बंदी लावते. निघण्याआधी अग्निशमन केंद्राला एक फोन करा.

प्रतिसाद

चौथ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. कधीच नाही. भुईनळ्याची दारू नाही, माचिसची नाही, कुठलीच नाही. ती नळी एकदाच वापरण्यासाठी बनवलेली असते. ठासताना ठिणगी पडली तर हात जातो, आणि उडताना फुटली तर पुठ्ठ्याच्या आणि मातीच्या कपच्या होतात.

हा छंद मुळात याच कारणासाठी जन्मला, म्हणून जरा लांबण लावतो. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता, त्याला आतषबाजीचा नाद. त्याने १९५४ मध्ये बदलता येण्याजोगं तयार इंजिन घालून उडणारं कागदी रॉकेट बनवलं. पुढे १९५७ मध्ये स्पुटनिक उडालं आणि अमेरिकेतली पोरं तळघरात दारू मिसळून हातपाय गमवायला लागली. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र चाचणी तळावर काम केलेल्या जी. हॅरी स्टाइनने कार्लाइलची रॉकेटं उचलून धरली ती यावर तोडगा म्हणून. इंजिन कारखान्यातलं, बाकी सगळं कागद-लाकूड-प्लॅस्टिक, पेटवायचं विजेने आणि लांबून. आज तुमच्या नातीच्या हातात जे किट आहे त्याचं मूळ हे. पैसे वाचवायचे तर रंगाचे दोन हात कमी मारा, वजनही वाचेल.

प्रतिसाद

सांगलीला किट न्या, इंजिन नेऊ नका. विमानात रॉकेटची इंजिनं हातातल्या बॅगेत चालत नाहीत आणि सामानातही चालत नाहीत. इकडेही १८८४ चा स्फोटक कायदा आहे, त्या वाटेला जाऊ नका. केरळातल्या थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ ला उडालेलं आपलं पहिलं रॉकेट, नायकी-अपाची, तेही अमेरिकेतूनच आलं होतं. पण ते सरकारने सरकारला दिलेलं होतं.

शाळेतल्या पोरांना पाण्याचं रॉकेट दाखवा. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली घ्या, बिसलेरीची नको, ती दाब सोसत नाही. एक तृतीयांश पाणी, तोंडाला रबरी बूच, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह. पंपाला गेज हवाच, ४० पीएसआयच्या (गेजवरचं दाबाचं माप) आसपास थांबा. पंप लांब राहील एवढी नळी ठेवा. भिजायला सगळ्यात पुढे मुख्याध्यापक उभे राहतात, असा माझा अनुभव.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. क्लिअरन्स आणि इंटरफिअरन्स वाचून मी कपाळावर हात मारला. पोरांच्या जॉबवर याच चुकीला मी लाल पेनने फुली मारायचो.

चुरगळलेला भाग कापून नवी नळी कॉलरने (आतून बसणाऱ्या छोट्या नळीने) जोडली. टोक एका वेढ्यावर आणलं, हूक आत वाकवला. रविवारी सकाळी सातला वारा नव्हता. किल्ली माझ्या खिशात, पंधरा फुटांच्या जागी वीस पावलं मोजली. पहिल्याच बटणाला गेलं. वर ‘फट्’, टोक निघालं, आणि ते नारिंगी पॅराशूट उघडलेलं मी या वयात तोंड उघडं टाकून बघितलं. उतरताना हवेत जरा वाहवलं, पण मैदानातच पडलं. उंची मोजायला मी ५० मीटरवर कोनमापकाला ओळंबा बांधून उभा होतो, पण कोन वाचायचाच विसरलो.

नातीने आता रॉकेटवर मार्करने मराठीत लिहिलंय : टोकाशी ‘सैल’, शेपटीशी ‘घट्ट’. ‘घ’ उलटा पडलाय, पण तो मी तसाच ठेवलाय.

आता एकच सांगा, त्या पाण्याच्या रॉकेटला रबरी बूच नेमकं कितव्या मापाचं लागतं, आणि सांगलीत ते प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळेल का?