‘वेठ’, ‘बिगार’ आणि ‘उचल’

प्रश्न : ‘वेठबिगार’ या जोडशब्दातील दोन्ही शब्द एकाच अर्थाचे आहेत का? आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी कुटुंबाला वेठबिगार म्हणणे बरोबर ठरते का?

उत्तर : होय, दोन्ही एकाच अर्थाचे आहेत. ‘वेठ’ हा संस्कृत ‘विष्टि’पासून आला आणि ‘बिगार’ फारसीतून. मोबदला न देता सक्तीने करून घेतलेले काम हाच दोहोंचा अर्थ. बांधकामावरच्या अकुशल मजुराला आपण आज ‘बिगारी’ म्हणतो तेव्हा त्यातली सक्ती कोणाच्याही मनात नसते.

कोकणात मात्र हा शब्द नुसता कोशातला नव्हता. खोती गावांत, म्हणजे जिथे सरकारचा सारा वसूल करणारा वंशपरंपरागत खोत असे तिथे, कुळाने खोताच्या शेतावर आठ दिवसांतून एक दिवस फुकट राबायचे ती ‘आठवेठ’, आणि आपला नांगर-बैल घेऊन जायचे ती ‘नांगरवेठ’. खोताने बोलावले की स्वतःची लावणी टाकून जावे लागे. याविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांचा दीर्घ संप झाला, डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने खोती संपली. महार वतनाची, म्हणजे वंशपरंपरेने करावयाच्या गावचाकरीची, कामे तर जन्मानेच गळ्यात पडत. ती नाकारण्याची सोय कुळाला होती तेवढीही महाराला नव्हती.

‘वेठीस धरणे’ या वाक्प्रचाराचे आज जे झाले आहे, ते मला फार खटकते. संप झाला की ‘कामगारांनी जनतेला वेठीस धरले’ असा मथळा येतो. ज्यांच्या वाडवडिलांना खरोखर वेठीस धरले गेले, त्यांनी काम थांबवले की तोच शब्द त्यांच्यावर उलटवला जातो. अशा ठिकाणी ‘अडवणूक’ हा शब्द पुरतो.

आता ‘उचल’. पेण, कर्जत, पनवेल या भागांतील कातकरी वाड्यांत पावसाळ्यात हाताला काम नसते. अशा वेळी धान्यासाठी, आजारपणासाठी किंवा लग्नासाठी मुकादमामार्फत शेठकडून, म्हणजे भट्टीमालकाकडून, पैसे घेतले जातात आणि दिवाळीनंतर अख्खे कुटुंब भट्टीवर जाते. हिशेब नवरा-बायकोच्या जोडीवर असतो आणि दर हजार विटांमागे. माती कालवायला, विटा उलटायला मुलेही हात लावतात, पण चोपडीत त्यांचे नाव नसते. आठवड्याला फक्त ‘खर्ची’, म्हणजे पोटापुरते पैसे, मिळते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि पुष्कळदा उचल फिटलेली नसते. त्या माणसाला विचारले तर तो ‘मी वेठबिगार आहे’ असे म्हणणार नाही. ‘शेठचे पैसे अंगावर आहेत’ एवढेच म्हणेल.

उचल घेतलेला प्रत्येक जण वेठबिगार नसतो, हेही सांगितले पाहिजे. उचलीपायी दुसरीकडे कामाला जाण्याची मुभा गेली, किंवा नाममात्र मजुरीवर राबावे लागले, की तो वेठबिगार ठरतो. १९७६ च्या वेठबिगारबंदीच्या कायद्यातील व्याख्येत आगाऊ रक्कम आहे, वारशाने आलेले दायित्व आहे, आणि ‘विशिष्ट जातीत किंवा समाजात जन्मल्यामुळे’ आलेले बंधनही स्पष्टपणे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करून घेणे हीसुद्धा संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय दिला.

पूरक प्रश्न : शेजारच्या देशांत असे शब्द आहेत का?

उत्तर : पाकिस्तानातील वीटभट्ट्यांवर उचलीला ‘पेशगी’ म्हणतात; हा शब्द जुन्या मराठीलाही परका नाही. तिथे वेठबिगारबंदीचा कायदा १९९२ चा आहे, आणि सिंधमधील जमीनदारांकडे अशा कर्जात अडकलेल्या ‘हारीं’मध्ये, म्हणजे त्यांची जमीन कसणाऱ्या कुळांमध्ये, कोळी, भिल्ल, मेघवाड अशा जातीजमातींची कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. नेपाळने थारू समाजातील ‘कमैया’ ही कर्जापायी जमीनदाराकडे राबण्याची पद्धत २००० मध्ये आणि पश्चिम भागातील ‘हलिया’ पद्धत २००८ मध्ये रद्द केली. हलिया म्हणजे सावकाराचा नांगर धरणारा, आणि तो बहुतांशी दलित असे.

ज्यांना तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज लिहून द्यावा लागतो, त्यांना एक विनंती आहे. ‘मजूर व मालक यांच्यातील पैशाचा वाद’ असे लिहू नये. मजुराच्या तोंडचा ‘उचल’ हा शब्द जसाच्या तसा ठेवून पुढे ‘वेठबिगार’ हा शब्द जरूर लिहावा, कारण वेठबिगारी सिद्ध झाली की ती उचल फेडण्याचे दायित्वच संपते, आणि हे वेठबिगारीचे कर्ज नाही असे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर येते.