डायलिसिस नसतो त्या दिवशी

क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, पोटॅशियम यांवर डॉक्टर बोलतातच. रिपोर्टमध्ये जे येत नाही ते इथे लिहूया. सुरुवात मी करतो.

आठवड्यातून ३ वेळा डायलिसिस, दर वेळी ४ तास. हे १२ तास लोकांना समजतात, त्यानंतरची संध्याकाळ समजत नाही. घरी येतो तेव्हा कुणी पिळून वाळत घातल्यासारखा असतो. ऑफिसात म्हणतात, "आता बरा दिसतोस की!" बढतीचा विषय निघाला की मात्र माझं नाव कुणी काढत नाही, तेही काळजीपोटीच. त्या काळजीचा राग येतो, आणि राग आल्याची लाज वाटते.

*

माझं दुखणं पाणी. लघवी जवळजवळ बंद, त्यामुळे गोळीबरोबरचा घोटसुद्धा हिशोबात. वजनकाट्यावर चढताना प्रगतिपुस्तक दाखवायला निघाल्यासारखं होतं. ड्राय वेटपेक्षा (अंगातलं जादा पाणी काढल्यावरच्या वजनापेक्षा) ३ किलो जास्त भरले की सिस्टर बोलत नाहीत, नुसत्या बघतात. एकदा बाथरूममध्ये नळ सोडून चोरून प्यायले. पंचेचाळिशीची बाई मी! लेकीने पाहिलं. बोलली काही नाही, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्यासमोर पाणी पिणंच तिने सोडलं. ते जास्त लागलं. शेवटी म्हटलं, "पी गं समोर, तू तहानलेली राहून माझी तहान भागणार आहे का?" (मीठ कमी केलं की तहान खरंच कमी होते. मला पटायला २ वर्षं लागली.)

*

डाव्या हातावर फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिससाठी शीर धमनीला जोडलीय. शीर दोरखंडासारखी फुगलीय. बोट ठेवलं की आत थरथर लागते. ती थांबली तर लगेच दवाखाना गाठायचा. झोपेतसुद्धा हात चाचपतो. वय २९. लग्नाची बोलणी आईने परस्पर थांबवली. मला विचारलं नाही, एवढंच.

*

मी पेशंटची बायको. माझी किडनी देता आली नाही. दीर स्वतःहून "मी देतो" म्हणाले होते, मग फोन कमी झाले. मला त्यांचा राग नाही, मुलं लहान आहेत त्यांची. पण एकत्र जमलो की ते एक वाक्य सोडून आम्ही सगळं बोलतो.

*

झोप, भूक, उमेद, सगळं गेलं होतं. किडनीमुळेच असणार म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, मीही. थकवा आणि भूक मरणं दोन्हीकडे सारखंच, त्यात नैराश्य बेमालूम लपतं. टेक्निशियन पोरगा म्हणाला, "काका, हल्ली तुम्ही स्कोअर विचारत नाही." तेव्हा आठवलं, शेजारच्या बेडवरचे गृहस्थ यायचे थांबल्यापासून मी विचारलाच नव्हता. ते कुठे गेले हे कुणी सांगत नाही, आपणही विचारत नाही. आता मानसोपचारतज्ज्ञांची गोळी चालू आहे, किडनी बघून डोस ठरवलेली.

*

माझं प्रत्यारोपण झालंय. बहिणीची किडनी. सगळे म्हणतात, सुटलास. तिची नुसती पाठ दुखली तरी मला घाम फुटतो. तिच्याशी भांडायचीही चोरी! परवा रिमोटवरून एकदाचे कडाडून भांडलो. बरं वाटलं.

*

नळवाल्या ताई, मीपण. फक्त रात्री २ वाजता. आणि काट्यावर चढण्याआधी खिसे रिकामे करून, चष्मासुद्धा काढून.